एका बोटाचा नाद

घरी बसून संगीत करणाऱ्या आजच्या तरुणांच्या संगणकात बहुधा एक आभासी बेस गिटार असते. तिला लाकूड नाही, तारा नाहीत. पेटीसारख्या पट्ट्यांच्या छोट्या कीबोर्डवर बोट दाबले की स्पीकरमधून बेस गिटारचा सूर येतो. स्क्रीनवर पर्यायांची लांबलचक यादी असते. तारा नव्या हव्यात की जुन्या? गुळगुळीत की खरखरीत? तारांखाली स्पंज लावायचा का? तार एका बोटाने छेडायची की दोन बोटांनी? यातल्या जुन्या तारा, गुळगुळीत तारा, स्पंज आणि एक बोट हे पर्याय निवडले, की १९६०च्या दशकातल्या अमेरिकी गाण्यांतला गोल, भरीव आणि पटकन विरून जाणारा खर्ज ऐकू येऊ लागतो.

हा आवाज मूळचा जेम्स जेमर्सन या एका माणसाचा. डेट्रॉइटच्या मोटाऊन कंपनीच्या शेकडो गाण्यांत त्याची बेस गिटार आहे. अमेरिकेच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचलेल्या सुमारे ३० गाण्यांत त्याचा हात होता, असे मानले जाते. ती गाणी जगभर वाजत होती, तेव्हा त्याचे नाव जवळजवळ कोणालाच ठाऊक नव्हते. २ ऑगस्ट १९८३ रोजी वयाच्या ४७व्या वर्षी तो गेला. यकृताचा सिरोसिस, त्यातून निर्माण झालेली गुंतागुंत, हृदय निकामी होणे आणि न्यूमोनिया ही त्याच्या मृत्यूची कारणे नोंदवली गेली. या सगळ्याच्या मुळाशी दारू होती.

मराठीत नाद या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक कानाला सुख देणारा, दुसरा माणसाला लागणारा. जेमर्सनच्या आयुष्यात दोन्ही होते आणि लोकांनी त्यांची बेमालूम सरमिसळ केली. मोठा कलावंत म्हटला की तो पिणारच, किंबहुना पितो म्हणूनच त्याच्या कलेत ती धुंदी येते, असा समज आपल्याकडेही आहे आणि तिकडेही आहे. हा समज तपासून पाहण्यासाठी जेमर्सनसारखे उदाहरण क्वचित सापडेल. कारण त्याचा आवाज पुन्हा निर्माण करण्यासाठी गेली कित्येक वर्षे लोकांनी त्या आवाजाचा प्रत्येक घटक सुटा करून पाहिला आहे.

मुंग्या नाचवणारा मुलगा

जेमर्सनचा जन्म २९ जानेवारी १९३६ रोजी अमेरिकेच्या दक्षिण कॅरोलिना राज्यातल्या एडिस्टो बेटावर झाला. चार्ल्सटन शहराजवळचा हा समुद्रकाठचा भाग. घरात चर्चचे संगीत होते. लहानपणी तो एका काठीला रबराची लांब पट्टी ताणून बांधायचा, काठी जमिनीत खोचायचा आणि पट्टी छेडून जमिनीतल्या मुंग्यांना नाचवायचा, अशी आठवण तो पुढे सांगत असे. खालच्या सुराची कंपने जमिनीतून जाणवतात, ही गोष्ट त्याला तेव्हाच कळली होती म्हणायची.

१९५४ मध्ये आईबरोबर तो डेट्रॉइटला आला. दक्षिणेतली हजारो कृष्णवर्णीय कुटुंबे त्या काळात उत्तरेकडच्या कारखान्यांच्या शहरांत जात होती. डेट्रॉइट हे मोटारींचे शहर. तिथल्या नॉर्थवेस्टर्न हायस्कूलमध्ये त्याच्या हाती उभा बेस लागला. व्हायोलिनच्या घराण्यातले हे माणसाहून उंच वाद्य. त्याच्या तारा जाड असतात आणि लाकडापासून बऱ्याच उंच असतात. त्या दाबायला डाव्या हाताची ताकद लागते, छेडायला उजव्या हाताचे बोट दणकट लागते. शाळेत असतानाच तो डेट्रॉइटच्या जॅझ आणि ब्लूजच्या क्लबांमध्ये वाजवू लागला. ही मेहनत पुढे त्याच्या आवाजाचा पाया ठरली.

१९५९ मध्ये बेरी गॉर्डी या तरुणाने घरच्यांकडून ८०० डॉलर उसने घेऊन गाण्यांच्या ध्वनिमुद्रिकांची कंपनी काढली. गॉर्डीने पूर्वी मोटारीच्या कारखान्यात जुळणीच्या पट्ट्यावर काम केले होते. वेस्ट ग्रँड बुलेव्हार्डवरच्या २६४८ क्रमांकाच्या एका साध्या घरात त्याने स्टुडिओ थाटला आणि दारावर ‘हिट्सव्हिल यू.एस.ए.’ अशी पाटी लावली. हीच पुढची मोटाऊन. घराच्या स्टुडिओत छतावरून वायरींची जाळी लोंबत असायची, म्हणून वादक त्या खोलीला सापांचा खड्डा म्हणत. जेमर्सन तिथे सुरुवातीपासून होता. त्याच्याबरोबरच्या वादकांच्या ताफ्याला पुढे ‘फंक ब्रदर्स’ हे नाव मिळाले. गायक बदलत, गाणी बदलत. वाद्यांमागचे हात तेच राहत. त्यांना ठरलेली मजुरी मिळे, गाण्याच्या विक्रीतला वाटा मिळत नसे. मुद्रिकेच्या वेष्टनावर नावही नसे.

आवाजाची उत्तरीय तपासणी

सुरुवातीची गाणी जेमर्सनने उभ्या बेसवर वाजवली. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला त्याच्या हाती फेंडर कंपनीचा ‘प्रिसिजन’ हा विजेवरचा बेस आला. हे वाद्य लिओ फेंडर यांनी १९५१ मध्ये बाजारात आणले होते. जेमर्सनची १९६२ सालची प्रिसिजन गिटार आज बेसवादकांच्या जगात दंतकथा होऊन बसली आहे. मात्र ती गिटार दुकानात मिळणाऱ्या इतर प्रिसिजन गिटारींसारखीच होती. तिच्यातून निघणारा आवाज वेगळा होता आणि त्याची कारणे अगदी साधी होती.

पहिले कारण तारा. खालच्या सुराच्या जाड तारेवर धातूचे वेटोळे असते. हे वेटोळे गोल तारेचे असेल तर तार खरखरीत लागते आणि आवाज झणझणीत येतो. चपट्या पट्टीचे असेल तर तार गुळगुळीत राहते आणि आवाज मऊ येतो. जेमर्सन ला बेला कंपनीच्या जाड, चपट्या वेटोळ्याच्या तारा वापरायचा आणि तुटल्याशिवाय त्या बदलायचा नाही. बोटांचा घाम, त्वचेचे तेल आणि मळ वेटोळ्यांत साचून तारा आणखी मंद होत गेल्या. त्याला तेच हवे होते.

दुसरे कारण स्पंज. तारा जिथे घोडीवर टेकतात, तिथे धातूच्या झाकणाखाली स्पंजाचा एक तुकडा बसवलेला असे. तो तारांना टेकून राही. त्यामुळे सूर उमटला की लगेच विरायला लागे. आपल्या तंबोऱ्यात याच्या अगदी उलट व्यवस्था असते. तिथे घोडीला जवारी काढून आणि तारेखाली सुती दोरा सरकवून वरचे स्वरांश फुलवतात आणि सूर लांबवतात. तार कंप पावते तेव्हा मूळ कंपनाबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट वेगाची कंपनेही निर्माण होतात. यांचे प्रमाण म्हणजेच वाद्याचा पोत. तंबोरा हे वरचे स्वरांश उधळतो. स्पंज आणि जुन्या तारा ते गिळून टाकतात.

तिसरे कारण बोट. बहुतेक बेसवादक तर्जनी आणि मधले बोट आळीपाळीने वापरतात. जेमर्सन उजव्या हाताची फक्त तर्जनी वापरायचा. त्याच्या मित्रांनी त्या बोटाला ‘आकडा’ असे टोपणनाव दिले होते. उरलेली बोटे तो गिटारवरच्या झाकणावर टेकवून ठेवी. दोन बोटांची लांबी आणि जोर वेगवेगळा असतो, त्यामुळे आळीपाळीने छेडलेल्या सुरांत थोडा फरक येतो. एकाच बोटाने छेडलेला प्रत्येक सूर एका जातीचा येतो. शिवाय बोटाचा रुंद, मांसल भाग तारेला लागला की तीव्र स्वरांश आपोआप कमी होतात. उभ्या बेसवर कमावलेल्या त्या बोटात जोरही भरपूर होता.

चौथे कारण वायर. मोटाऊनच्या तंत्रज्ञांनी गिटारी थेट ध्वनिमुद्रणाच्या यंत्राला जोडण्याची सोय केली होती. समोर मोठा स्पीकर ठेवून त्याचा आवाज माइकने टिपण्याची गरज उरली नाही. व्हॅक्यूम ट्यूबच्या त्या यंत्रात जेमर्सनचा जोरकस सूर शिरला की किंचित फाटे. हा किंचित फाटलेपणा फार महत्त्वाचा होता.

याचे कारण आपल्या कानात आहे. बेस गिटारची सर्वांत खालची मोकळी तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावते. आपला कान एवढ्या खालच्या सुरांना मुळात कमी संवेदनशील आहे. त्यातून त्या काळी लोक गाणी मोटारीतल्या रेडिओवर ऐकत. त्या छोट्या स्पीकरमधून ४१ कंपनांचा सूर जवळजवळ बाहेरच पडत नाही. पण ८२, १२३, १६४ अशा वरच्या पटीतली कंपने बाहेर पडली, तर मेंदू त्यांच्यातले अंतर मोजतो आणि मुळात न आलेला ४१चा सूर स्वतःच भरून काढतो. ट्यूबमधल्या किंचित फाटण्याने याच वरच्या पटी वाढत होत्या. म्हणून जेमर्सनचा खर्ज छोट्या रेडिओवरही ऐकू जाई. मोटाऊनमध्ये तयार गाणे मोटारीतल्यासारख्या छोट्या स्पीकरवर वाजवून तपासण्याची पद्धत होती.

नक्कल कशी होते

हा आवाज संगणकावर निर्माण करण्याचे दोन मुख्य मार्ग आहेत. पहिला नमुन्यांचा. खऱ्या प्रिसिजन गिटारवर एकेक सूर वाजवून तो मुद्रित करायचा. चार तारा, प्रत्येक तारेवर २० पडदे आणि एक मोकळी तार, म्हणजे ८४ जागा. प्रत्येक जागा समजा ५ वेगवेगळ्या जोरांनी आणि प्रत्येक जोरात ४ वेळा वाजवली, तर १,६८० नमुने होतात. कीबोर्डची पट्टी किती जोरात दाबली त्यानुसार संगणक योग्य नमुना निवडतो. तोच सूर लागोपाठ आला तर दर वेळी दुसरा नमुना वाजवतो, नाहीतर ते ऐकताना शिवणयंत्र चालल्यासारखे वाटते. दुसरा मार्ग गणिताचा. त्यात एकही मुद्रित सूर नसतो. तारेची लांबी, जाडी, ताण, तिच्यातला मळ, स्पंजाचा दाब, बोट कुठे पडले ही सगळी माहिती समीकरणांत घालून संगणक तारेचे कंपन त्या क्षणी मोजतो आणि आवाज तयार करतो. ‘मोडो बेस’ हे या पद्धतीचे प्रसिद्ध आभासी वाद्य.

एवढे करूनही पहिल्या प्रयत्नात नक्कल फसते. आवाज जुळतो, पण जेमर्सन येत नाही. मग लोक बारकाईने ऐकायला लागतात आणि आणखी काही गोष्टी सापडतात.

जेमर्सन मोकळ्या तारांचा उपयोग मुक्तपणे करायचा, विशेषतः वरून खाली उतरताना. ही उभ्या बेसची सवय. तोच सूर दुसऱ्या तारेवर दाबूनही वाजवता येतो, पण त्याचा पोत वेगळा असतो. संगणक आपल्या सोयीने जागा निवडतो, त्यामुळे मोकळी तार कुठे हवी ते त्याला हाताने सांगावे लागते. दोन मुख्य सुरांच्या मध्ये जेमर्सन अर्धवट दाबलेला, सूर नसलेला नुसता ठोका टाकायचा. डग्ग्यावर तळहात टेकवून काढलेल्या बंद बोलासारखा. हे ठोके गाळले तर सगळी चाल लंगडी होते. तिसरी गोष्ट वेळेची. संगणक प्रत्येक सूर मात्रेच्या नेमक्या रेषेवर नेऊन चिकटवू शकतो. जेमर्सनचे सूर त्या रेषेच्या किंचित आगेमागे पडतात, पण मनमानी पडत नाहीत. ड्रमवादकाच्या पायाच्या ठोक्याशी त्यांचे नाते ठरलेले असते. फरक काही मिलिसेकंदांचा असतो आणि तरी तो ऐकणाऱ्याला कळतो.

वेळेचे हे भान मेंदूच्या मागच्या, खालच्या भागात असलेल्या अनुमस्तिष्काचे काम आहे. हालचाल केव्हा सुरू करायची, किती जोर लावायचा, केव्हा थांबायचे, याचा हिशेब तो सतत करत असतो. वर्षानुवर्षांच्या सरावाने हा हिशेब इतका मुरतो की वादकाला त्याचा विचार करावा लागत नाही. ‘बर्नाडेट’ (१९६७) किंवा स्टीव्ही वंडरच्या ‘फॉर वन्स इन माय लाइफ’ (१९६८) मध्ये जेमर्सनचा बेस जवळजवळ प्रत्येक मात्रेत नवे काही करत जातो आणि तरीही गाणाऱ्याच्या वाटेत येत नाही. ते त्या मुरलेल्या हिशेबाचे फळ आहे.

आता या सगळ्या घटकांची यादी पुन्हा पाहावी. जाड तारा, मळ, स्पंज, एक बोट, ट्यूबचे यंत्र, मोकळ्या तारा, बंद ठोके, वेळेचे भान, जॅझचा कान. तारांवरचा मळसुद्धा मोजायला निघालेल्या लोकांनी त्यात दारू कुठेही नोंदलेली नाही. तिची गरजच पडत नाही. उलट अनुमस्तिष्कावर ज्या पदार्थांचा सर्वांत लवकर परिणाम होतो, त्यांत दारू आहे. प्यायलेल्या माणसाची चाल आणि जीभ अडखळते, ती त्यामुळेच.

दारू

जेमर्सन तरुणपणापासून पीत होता. क्लबमधले रात्रीचे जीवन, स्टुडिओत अवेळी बोलावणी, पुन्हा रात्री क्लब, असा दिनक्रम होता. दारू त्या जगात हवेसारखी होती. त्याचा जोडीदार, फंक ब्रदर्सचा ड्रमवादक बेनी बेंजामिन, दारू आणि अमली पदार्थांच्या आहारी गेला होता. १९६९ मध्ये पक्षाघाताने तो गेला. जेमर्सनला हा धक्का फार जाणवला. ज्याच्या ठोक्याशी त्याचे सूर बांधलेले होते, तो माणूसच गेला.

मार्विन गेच्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ या गाण्याची कथा नेहमी सांगितली जाते. गाण्यासाठी गेला जेमर्सनच हवा होता. तो एका क्लबमध्ये वाजवत असल्याचे कळल्यावर त्याला तिथून स्टुडिओत आणले गेले. तो इतका प्यायलेला होता की त्याला स्टुलावर नीट बसता येईना. म्हणून त्याने जमिनीवर पाठ टेकली आणि आडवे पडून बेस वाजवला. हे गाणे १९७१ मध्ये आले आणि आजही त्यातला बेस शिकवण्यासाठी वापरला जातो.

ही कथा बहुतेक वेळा कौतुकाने सांगतात. वैद्यकीय दृष्टीने पाहिले तर ती एका आजाराचे वर्णन आहे. रोज पिणाऱ्या माणसाच्या मेंदूला दारूची सवय होते. ज्या प्रमाणात दुसरा कोणी कोसळेल, त्या प्रमाणात तो बोलतो, चालतो, काम करतो. याला सहनशक्ती वाढणे म्हणतात आणि ते शरीर मजबूत असल्याचे चिन्ह नसून अवलंबित्वाचे लक्षण आहे. मुरलेली कला सर्वांत शेवटी जाते. जो बसू शकत नव्हता तो वाजवू शकला, याचे श्रेय वर्षानुवर्षांच्या सरावाला आहे. आणि जो वाजवू शकतो त्याला आजारी कोण म्हणणार? काम होत राहिल्याने आजार झाकला जातो.

अमेरिकन मेडिकल असोसिएशनने दारूचे व्यसन हा आजार असल्याचे १९५६ मध्येच म्हटले होते. पण घराघरांत, कंपन्यांत आणि बहुतेक दवाखान्यांतही तो स्वभावदोष मानला जात होता. उपचारांची साधने तेव्हा आजच्या मानाने तुटपुंजी होती. दारूची ओढ कमी करण्यासाठी आज वापरल्या जाणाऱ्या नाल्ट्रेक्सोनला अमेरिकेत या कामासाठी मान्यता मिळाली ती १९९४ मध्ये.

यकृताचे नुकसान मात्र शांतपणे पुढे जात राहते. सुमारे दीड किलो वजनाचा हा अवयव दारूचे विघटन करतो. त्यात तयार होणारा अॅसिटाल्डिहाइड हा पदार्थ यकृताच्या पेशींना विषारी असतो. आधी पेशींत चरबी साठते. या टप्प्यावर दारू पूर्ण थांबवली तर काही आठवड्यांत यकृत पूर्ववत होऊ शकते. पुढे सूज येते, पेशी मरतात, त्यांच्या जागी वणासारखे कठीण तंतू तयार होतात. हे जाळे सगळ्या यकृतभर पसरले की त्याला सिरोसिस म्हणतात. यकृताची राखीव क्षमता मोठी असल्याने बऱ्याच रुग्णांना तोपर्यंत काहीच जाणवत नाही. मग पायांवर सूज, पोटात पाणी, कावीळ, रक्ताची उलटी, दिवसा गुंगी आणि रात्री जाग अशी लक्षणे दिसू लागतात. सिरोसिसमध्ये रोगप्रतिकारशक्तीही खालावते, म्हणून न्यूमोनियासारखा संसर्ग जिवावर बेततो. अतिमद्यपानाने हृदयाचा स्नायूही कमकुवत होतो. जेमर्सनच्या मृत्यूची तीन कारणे वेगवेगळी दिसली तरी त्यांना जोडणारा धागा हा असा आहे.

लॉस एंजेलिस

‘व्हॉट्स गोइंग ऑन’च्या मुद्रिकेवर वादकांची नावे छापली गेली. जेमर्सनच्या नावापुढे तो अतुलनीय असल्याचे विशेषण होते. मोटाऊनमध्ये १० वर्षांहून अधिक काळ काम केल्यानंतर त्याचे नाव वाचकांसमोर आले. पण पुढच्याच वर्षी, १९७२ मध्ये, कंपनीने आपले बस्तान डेट्रॉइटहून लॉस एंजेलिसला हलवले. सापांच्या खड्ड्यातली घडी मोडली. जेमर्सनही मागोमाग लॉस एंजेलिसला गेला आणि १९७३ मध्ये त्याचे मोटाऊनशी असलेले नाते संपले.

नव्या शहरात त्याला कामे मिळाली, पण टिकली नाहीत. संगीताची चव बदलली होती. आता निर्मात्यांना झणझणीत, नव्या तारांचा, अंगठ्याने तार आपटून काढलेला बेस हवा होता. जेमर्सनने तारा बदलल्या नाहीत, स्पंज काढला नाही. दारू वाढत गेली, भरवसा कमी होत गेला, बोलावणी घटली. काम कमी झाले की पिणे वाढते आणि पिणे वाढले की काम कमी होते. हे चक्र व्यसनमुक्ती केंद्रांत काम करणाऱ्या प्रत्येकाच्या परिचयाचे आहे.

१९८३ हे त्याचे शेवटचे वर्ष. त्या जानेवारीत लॉस एंजेलिसजवळच्या अॅनाहाइम इथे भरलेल्या वाद्यव्यापाराच्या प्रदर्शनात दोन वेगवेगळ्या कंपन्यांची विद्युत वाद्ये एका वायरने जोडून दाखवण्यात आली. एकावर वाजवले की दुसरे वाजत होते. या पद्धतीला ‘मिडी’ म्हणतात आणि आजचे प्रत्येक आभासी वाद्य तिच्या आधारे चालते. त्याच वर्षी केव्हिन कार्प्लस आणि अॅलेक्स स्ट्राँग या दोन संशोधकांनी छेडलेल्या तारेचा आवाज संगणकावर निर्माण करण्याची एक सोपी पद्धत प्रसिद्ध केली. छेडलेल्या तारेचे गणिती वाद्य बनवणाऱ्या पुढच्या बऱ्याच संशोधनाला तिने वाट करून दिली.

मार्चमध्ये पॅसाडेना इथे मोटाऊनच्या २५ वर्षांचा भव्य सोहळा झाला. मायकेल जॅक्सनने टीव्हीच्या प्रेक्षकांना आपली ‘मूनवॉक’ पहिल्यांदा दाखवली ती याच कार्यक्रमात. जेमर्सनला आमंत्रण नव्हते. तो तिकीट मिळवून प्रेक्षकांत मागे बसला होता, असे त्याच्या चरित्रात नोंदवले आहे. जूनमध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने बोलावलेल्या तज्ज्ञांच्या परिषदेने यकृत प्रत्यारोपण हा प्रयोग न राहता मान्य उपचार झाला आहे, असा निष्कर्ष काढला. जेमर्सनच्या दृष्टीने याला फार उशीर झाला होता. मृत्यूच्या थोडेच दिवस आधी त्याची १९६२ची प्रिसिजन गिटार चोरीला गेली. ती त्याला परत पाहायला मिळाली नाही. त्याचे दफन डेट्रॉइटमध्ये झाले.

मान्यता नंतर आली. १९८९ मध्ये त्याचे चरित्र आणि त्याच्या बेसच्या चाली एका पुस्तकात छापून आल्या. २००० मध्ये ‘रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम’ने साथीदार वादकांसाठी नवा विभाग सुरू केला, तेव्हा पहिल्याच तुकडीत त्याचे नाव होते. २००२ मध्ये फंक ब्रदर्सवर माहितीपट निघाला. बीटल्सचा पॉल मॅकार्टनी याने त्याचा प्रभाव उघडपणे मान्य केला आहे.

लक्षात ठेवण्यासारखे

कामावर वेळेवर जाणारा, हाताने उत्तम काम करणारा माणूसही दारूच्या आजाराने ग्रस्त असू शकतो. पूर्वीपेक्षा जास्त प्यायल्याशिवाय न चढणे, सकाळी हात थरथरणे आणि एक घोट घेतल्यावर ते थांबणे, ठरवूनही न थांबता येणे, या तीन गोष्टी घरच्यांनी हेराव्यात. यकृताच्या रक्तचाचण्या आणि सोनोग्राफीत चरबी दिसत असेल, तर तीच सुधारण्याची सर्वांत चांगली वेळ असते. सिरोसिस झाल्यावरही दारू पूर्ण थांबवल्यास आयुष्य वाढते.

रोज भरपूर पिणाऱ्याने मात्र घरी एकाएकी दारू बंद करू नये. दोन-तीन दिवसांत फिट येणे, भास होणे, बरळणे असे धोके असतात आणि त्यात मृत्यूही येऊ शकतो. जिल्हा रुग्णालयातल्या किंवा वैद्यकीय महाविद्यालयातल्या मानसोपचार विभागात दाखवून, औषधांच्या आणि ब१ जीवनसत्त्वाच्या आधाराने ती थांबवता येते. त्यानंतर ओढ कमी करणारी औषधे, समुपदेशन आणि घरच्यांची साथ यांच्या जोरावर बरेच जण बाहेर पडतात.

कलाकार असलेल्या रुग्णांना एक भीती हमखास असते, की दारू सुटली तर हातातली जादू जाईल. त्यांनी चांगल्या हेडफोनवर ‘फॉर वन्स इन माय लाइफ’ लावून फक्त बेस ऐकावा. तो आवाज कशाकशाने झाला, हे आता पुरते माहीत आहे. चार जुन्या तारा, स्पंजाचा एक तुकडा, एक बोट आणि शाळेच्या दिवसांपासून उभ्या बेसवर घेतलेली मेहनत.